खोल्यांची जागा

ट्रॅक्टरच्या पात्याच्या वळणात अडकलेला मातीचा गोळा तांबूस होता, वाळून दगडासारखा घट्ट झालेला, आणि त्याच्या एका चिरेतून गवताच्या मुळाचा पांढरा तंतू बाहेर आला होता—अजून ओला, अजून जगण्याच्या विचारात असलेला. त्याने जुन्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने गोळा हलवून पाहिला. तो हलेना. कोणाची माती असेल ही? आपल्या परसातील माती काळी, म्हणजे ही निश्चितच परक्या जागेतून आलेली, जिथे काल-परवा हेच पाते फिरले असेल आणि आज कोणी वाकून बी टोकत असेल... माणूस एखाद्या ठिकाणाहून निघतो आणि त्याच्या चपलेला चिकटून थोडी जमीनही निघते, असे काहीसे त्याच्या मनात येऊ लागले होते. परंतु ते नीट शब्दांत बसण्यापूर्वीच मागच्या दारातून पत्नीने बजावले की पाती धुतल्याखेरीज यंत्र आत आणायचे नाही.

हा तिचा दंडक होता. शेजारून उसने आणलेले खुरपेदेखील ती प्रथम बादलीत बुचकळून काढीत असे, कारण परक्या मातीबरोबर परके तण येते आणि ते एकदा शिरले की मुक्कामच ठोकते, असे तिचे म्हणणे. त्याने नळी लावली. तांबडे पाणी ओघळत गटाराकडे गेले. मग गढूळ, मग स्वच्छ. पाती चकाकू लागली, आणि बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आले की धुण्याजोगे काही उरलेले नसतानाही आपण पाणी सोडतोच आहोत.

ट्रॅक्टर इवलासा होता. बसले म्हणजे गुडघे जवळजवळ स्टिअरिंगच्या चाकाला भिडत. रोपवाटिकेच्या मालकाने तो सकाळीच आणून फाटकाशी उभा केला होता आणि सर्व काही समजावून सांगितले होते. हा दांडा खाली केला की मागची पाती जमिनीला टेकतात, ही कळ ओढली की फिरू लागतात. चाके पुढून माती दाबतात, पाती मागून ती मोकळी करीत येतात. टोकाला पोचले की पाती उचलून वळायचे आणि शेजारच्या पट्ट्याने परत यायचे. “हा तुमचा रोलर नाही, काका,” तो जाताना म्हणाला, “ह्याला जरा लाडीगोडी लावावी लागते.” यावर त्याने मान डोलावली होती—आयुष्य इंजिनावर बसून काढलेला मनुष्य दुसऱ्याच्या सूचनांना जशी मान डोलावतो तशी, म्हणजे निम्मे ऐकून.

रोलर... त्याची सारी नोकरी रोलरवर झाली होती. रस्ते खात्यातील मंडळी त्याला ‘इस्त्रीवाले’ म्हणत, रस्त्यांना इस्त्री करतो म्हणून, आणि पगाराच्या दिवशी कोणी ना कोणी हटकून आपला चुरगळलेला सदरा त्याच्यापुढे धरी. तो हसे. त्याला त्या नावाचा मनातून अभिमान होता. खडी पसरणारे खडी पसरून जात, डांबर ओतणारे ओतून जात, परंतु त्या सर्व पसाऱ्याला रस्ता हे रूप शेवटी त्याच्या चाकाखाली येई. पुढे जायचे, त्याच पट्ट्यावरून मागे यायचे, किंचित सरकायचे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. वळण्याचा प्रश्नच नसे. एवढे अवजड धूड वळवीत कोण बसतो? पुढे आणि मागे यांत त्याला कधी फरकच वाटला नव्हता. दोन्हीकडे जमीन अधिकाधिक घट्ट होत जाई, आणि घट्ट होणे म्हणजेच काम होणे.

आणि आज त्याला जमीन मोकळी करायची होती.

तो फाटकातून ट्रॅक्टर आत घेऊन आला, स्वयंपाकघराच्या मागल्या भिंतीला वळसा घालून. भिंतीलगत पत्नीचे चार वाफे होते—मिरची, टोमॅटो, वांगी, आणि काठ्यांच्या मांडवावर चढलेली चवळी. भांड्यांचे पाणी त्यांनाच जाई. वाफ्यांतील माती इतकी भुसभुशीत होती की बोट घातले तर पेरापर्यंत आत जावे; त्यातले खडे तिने वर्षानुवर्षे एकेक करून वेचले होते आणि कुंपणाच्या बुडाशी त्यांची एक ओळ लावली होती. त्या वाफ्यांपलीकडे कुंपणापर्यंत सपाट, चौकोनी, उघडी जमीन. तिच्यावर काही उगवत नसे. गवतदेखील कडेकडेनेच येई, आत शिरायला बिचकल्यासारखे. कारण ती त्याने दाबली होती.

ती मुलाच्या खोल्यांची जागा होती.

मुलगा पहिल्या नोकरीसाठी परगावी निघाला त्या दिवशी याच मागल्या दारात उभा राहून म्हणाला होता की दोन-तीन वर्षांत परत येतो, मग इथेच मागे दोन खोल्या काढू. बस्स, एवढेच. बोलता बोलता, चहाचा कप हातात धरून. मुलाच्या दृष्टीने ते वाक्य कपाबरोबरच मोरीत गेले असेल—परंतु बापाने ते उचलले, पुसले आणि जपून ठेवले. पुढे घरासमोरचा रस्ता नव्याने झाला, रोलर दारातच उभा असे, तेव्हा एका रविवारी त्याने साहेबांची रीतसर परवानगी काढून तो मागे आणला होता. कुंपण एका बाजूने काढावे लागले. दोरी लावून चौकोन आखला, पाणी मारले, जमीन मुरू दिली, आणि मग पुढे-मागे, पुढे-मागे, संध्याकाळपर्यंत. आळीतील माणसे पाहायला जमली होती. कोणी म्हणाले, अहो, दोन खोल्यांना एवढे कशाला, विमान उतरवायचे आहे का? पाया खचता कामा नये. भिंतीला तडा जाता कामा नये. सूनबाई येईल, ती कोणत्या घरात वाढलेली असेल कोण जाणे, तिला जमीन समतल वाटली पाहिजे.

दोन-तीन वर्षे झाली. त्यानंतरची तो मोजीत नसे. खोल्या बांधण्याचा विषय कोणी काढला नाही आणि मोडलाही नाही. तो मात्र संध्याकाळी त्या जमिनीवर खुर्ची टाकून बसे, आणि—हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते—खुर्ची नेहमी बाहेरच्या खोलीतच टाकी. आतली खोली मुला-सुनेची होती. तिथे उगाच कसे बसायचे?

गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला की त्यांनी तिकडेच घर घेतले. हवेशीर आहे, तिसरा मजला आहे, तुम्ही दोघे या. पत्नी फोनवर छान छान म्हणत राहिली, स्वयंपाकघर कोणत्या दिशेला आहे ते विचारले, कपाटे आहेत का ते विचारले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दात घासता घासता मागल्या दारात उभी राहिली आणि म्हणाली की आता हा मागचा तुकडा बागेत घेऊ या. त्यानंतर आठवडाभर तिने तिथे नळी सोडून ठेवली होती, संध्याकाळ झाली की, एक शब्द न बोलता. आणि तो खुर्ची घेऊन ओट्यावर बसू लागला, जणू काही पाण्यामुळेच.

त्याने दांडा खाली केला. कळ ओढली. पाती फिरू लागली आणि जमिनीवर आपटून ट्रॅक्टर मागून उचलल्यासारखा झाला. धातूचा कर्कश आवाज झाला, वरची साल तेवढी खरवडली गेली, आणि त्याच्या अंतःकरणात—ही गोष्ट त्याला स्वतःलाच विचित्र वाटली—एक आनंदाची उकळी फुटली. पाहा! पाहा माझे काम! एवढ्या वर्षांनी, एवढे पाणी पिऊनही दाद देत नाही. त्याला वाटले, साहेब इथे हवे होते. मग त्याने स्वतःला आवरले, वेग कमी केला, पुन्हा त्याच ठिकाणी पाती टेकवली. या खेपेस ती आत गेली. काळ्या मातीची ढेकळे उलटून वर आली, त्यांची आतली बाजू ओलसर आणि गडद, आणि तिचा वास आला—कोंडलेला, थोडासा आंबूस, बंद पेटी उघडल्यावर येतो तसा.

तो पुढे निघाला. हा उंबरा. ट्रॅक्टर उंबऱ्यावरून गेला. ही बाहेरची खोली, इथे पलंग भिंतीला लागून, कारण खिडकी पूर्वेला आणि सकाळचे ऊन तोंडावर यायला नको... पाती पलंगाखालून गेली. मधल्या भिंतीशी त्याचा पाय आपोआप ब्रेकवर आला. भिंत नव्हती. भिंत कधीच नव्हती. तो भानावर आला, पाय काढला आणि भिंतीतून पार झाला, आणि त्या क्षणी आपल्या पाठीवर विटा कोसळतील अशा भीतीने त्याने मान आत ओढून घेतली. मी काय करतो आहे? मी भाजी लावण्यासाठी जमीन तयार करतो आहे. शेजारचे लोकही करतात. यात एवढे श्वास लागण्यासारखे काय आहे?

टोकाला पोचून त्याने पाती उचलली, गिअर टाकला, आणि परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. इंजिनाचा एकसुरी आवाज त्याच्या अंगात भिनू लागला, हातपाय आपापली कामे ओळखू लागले, मन निवांत झाले. कामाची हीच तर गंमत असते की ते चालू असेपर्यंत त्याविषयी विचार करावा लागत नाही. ऊन डोक्यावर आले तेव्हा निम्म्याहून अधिक तुकडा झाला होता. त्याने इंजिन बंद केले. एकाएकी पडलेल्या शांततेत त्याला पत्नी दिसली. वाफ्याच्या कडेला पाण्याचा तांब्या घेऊन ती उभी होती, आणि बराच वेळ उभी असावी, कारण तिने पदर डोक्यावर घेतला होता.

ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती जमिनीकडे पाहत होती.

त्यानेही पाहिले. नांगरलेल्या प्रत्येक पट्ट्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चाकांच्या खुणांच्या जोड्या उमटल्या होत्या—खोल, गुळगुळीत, तकतकीत. उकरलेली ओली माती चाकाखाली येऊन विटेसारखी थापली गेली होती. टोकाला पोचल्यावर तो वळलाच नव्हता. पाती उचलून तो दर खेपेस त्याच पट्ट्यावरून उलटा, मागे मागे, आला होता. आणि एकदा नव्हे, काही ठिकाणी दोनदा, बारकाईने, कुठे उंचवटा राहिला आहे का ते पाहून. सकाळपासून तो जमीन उकरत होता आणि पुन्हा दाबून बसवीत होता.

त्याला हसू आले. हसू येणे हेच योग्य, असे त्याला वाटले. “सवय, दुसरं काय,” तो म्हणाला. “इस्त्रीवाले ना आम्ही.”

पत्नी हसली नाही. तिने तांब्या त्याच्या हातात दिला, तो पिईपर्यंत थांबली, आणि मग अगदी साध्या आवाजात, मीठ कमी आहे का असे विचारावे तसे विचारले, “तुम्हाला हे नको आहे का?”

“असं कुठं म्हटलं मी?”

“म्हटलं नाहीत. चाकं म्हणतायत.”

यावर तो चिडला, म्हणजे चिडल्यासारखे बोलला: उन्हातान्हात राबतो आहे तो कोणासाठी, तिलाच घाई झाली होती, यंत्र नवे आहे, हाताला वळण पडायला वेळ लागतो. ती ऐकून घेत होती. खाली वाकून तिने चाकाच्या खुणेतील मातीची एक वडी उचलली, दोन्ही हातांनी ती मोडण्याचा प्रयत्न केला, ती मोडली नाही, तेव्हा पुन्हा जिथल्या तिथे ठेवली आणि जेवायला चला म्हणाली.

जेवताना तो घासागणिक मनाशी उलटतपासणी घेत राहिला. सवय की इच्छा? हाताने केले की मी केले? हात माझाच आहे. परंतु रात्री झोपेत कूस बदलणारा मनुष्यही मीच असतो, त्याला कोणी जाब विचारतो का? आणि जर हाताला सवयच होती तर ‘कुठे उंचवटा राहिला आहे का’ हे कोणी पाहिले? ते डोळ्यांनी पाहिले. ते मी पाहिले... तेवढ्यात फोन वाजला. मुलाचाच होता. दुपारच्या सुट्टीत तो आईला फोन करीत असे. तिने नेहमीप्रमाणे आवाज मोठा करून फोन ताटांच्या मध्ये ठेवला आणि सांगितले की मागची जागा बागेत घेत आहोत, बाबा ट्रॅक्टर चालवतायत.

त्याचा घास हातात थांबला. आता तो म्हणेल. ‘थांबा’ एवढेच म्हणेल. किंवा ‘अरे, ती तर आपली...’ एवढे म्हणून गप्प होईल. तेवढे पुरे होते. एका अडखळण्यावर तो उरलेला तुकडा तसाच सोडून द्यायला तयार होता.

“छान की,” मुलगा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरचा आनंद होता. “उगाच पडून होती ती जागा. बाबांना म्हणावं, कमरेला जपा.”

आवाजात प्रेम होते. हे त्याला नाकारता येईना, आणि हेच अवघड होते. मुलगा निष्ठुर असता तर कदाचित रागाच्या भरात सोपे गेले असते. त्याला काही आठवतच नव्हते. विसरला असे म्हणण्यासाठी आधी लक्षात असावे लागते. त्याने घास तोंडात घातला, चावला, गिळला. “जपतो म्हणावं,” तो म्हणाला.

फोन बंद झाल्यावर पत्नीने ताटे उचलली नाहीत. खरकट्या बोटांनी ताटातली आमटीची रेघ पुसत ती बोलू लागली, आणि इतक्या वर्षांच्या संसारात ती एवढे सलग बोलल्याचे त्याला स्मरत नव्हते. ती म्हणाली की माणसे लावून हे काम केव्हाच झाले असते, रोपवाटिकेचा मालक स्वतःच करून देतो म्हणत होता. तिने मुद्दाम नको म्हटले. ज्याने दाबले त्यानेच मोकळे करावे असे तिला वाटले. परक्याने येऊन फोडले असते तर तो जन्मभर ओट्यावर बसून राहिला असता.

“मला वाट बघायचा कंटाळा नाही हो,” ती म्हणाली. “पण जे येतं त्याची बघीन. भोपळा लावला की भोपळा येतो. किडका येईल, चारच येतील, पण येतात.”

तो ताटाकडे पाहत राहिला. इतकी वर्षे त्याची अशी समजूत होती की वाट पाहणारा या घरात आपण एकटेच. ती आपली वाफ्यांत रमलेली, तिला कशाचे काही नाही. खोल्या त्याच्या होत्या. आता एकाएकी त्याला कळेना की तो बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसत असे तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती काय पाहत असे—रिकाम्या जमिनीवर बसलेला म्हातारा, की पलंग, आणि पूर्वेची खिडकी, आणि मधली भिंत? विचारावे असे वाटले. विचारले नाही. विचारण्याने एखादी गोष्ट मोडते अशी त्याची धारणा होती, आणि या क्षणी आणखी काही मोडण्याचे त्याच्या अंगात त्राण नव्हते.

ऊन कलल्यावर तो पुन्हा ट्रॅक्टरवर बसला. सकाळचे सारे पहिल्यापासून करायचे होते. पत्नी दाताळे घेऊन आली आणि ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभी राहिली.

“तिथं नको,” तो म्हणाला, “ढेकळं उडतात. पातं आहे.”

“लांबून येते. तुम्ही चला. मी मागून सारखं करीत येते.”

“आणि मी मागं घेतला तर?”

“मग बघा बाई,” ती म्हणाली. “मी मागं आहे, एवढं ध्यानात ठेवा.”

त्याने तिला चांगली दहा पावले मागे सरकायला लावले, तिने तक्रार न करता सरकून दाखवले, आणि तो निघाला. पाती आत गेली; एकदा फुटलेली जमीन आता पटकन उलटत होती. उंबरा, पलंग, भिंत. टोक आले. पाती उचलली गेली, पाय क्लचवर गेला, हात गिअरकडे गेला आणि मागे ओढणार... तो जागच्या जागी गोठला. मागे ती होती. ज्या मातीवरून तो आयुष्यभर निःशंकपणे परतत आला त्या मातीवर आता एक माणूस उभे होते, दाताळ्याने ढेकळे फोडीत.

त्याने चाक वळवले. यंत्र लहान असले तरी एका दमात वळेना. चौकोनात ते बसत नव्हते. दोरी लावून आखलेल्या रेषेबाहेर, कडेच्या गवतात, पुढचे चाक गेले, आणि मोठा वळसा घेऊन परत आत आले. पाती टेकवली तेव्हा ती रेषेबाहेरच टेकली. तिथली जमीन कधीच दाबलेली नव्हती. ती अशी उघडली की त्याला क्षणभर वाटले, पाती तुटून पडली असावीत. पुढच्या टोकालाही तसेच झाले. प्रत्येक वळणाबरोबर आतल्या खोलीचा एक कोपरा गोल होत होता, बाहेरच्या खोलीचा एक कोपरा गोल होत होता, आणि कोपऱ्यांशिवाय खोली ही काय वस्तू राहते, याचा विचार करीत तो बराच वेळ तसाच फिरत राहिला.

ट्रॅक्टरला आरसा नव्हता. इंजिनाच्या आवाजात दाताळ्याचा आवाज ऐकू येण्याची शक्यता नव्हती. ती येत आहे, की दमून वाफ्याच्या कडेला टेकली आहे, की चहा ठेवायला आत गेली आहे, हे मान वळवल्याखेरीज कळणार नव्हते. आणि मान वळवली तर चाक हलेल, पट्टा वाकडा जाईल. वाकडा गेला तर गेला, असेही एकदा वाटले. कोणीतरी यायचे आहे म्हणून जागा धरून बसणे त्याला ठाऊक होते, पुरते ठाऊक होते. कोणीतरी मागून येत असेल असे धरून पुढे जात राहणे—हे त्याला नवे होते, आणि यात आधीच्याहून कमी भय आहे की अधिक, ते त्याला ठरवता येईना. समोरची जमीन संपत आली होती, आणि ती पहिल्यांदाच नुसती जमीन दिसत होती. लगेच पुन्हा पूर्वेची खिडकी दिसली. मग पुन्हा जमीन. त्याने मान वळवली नाही. उजवा हात गिअरवरून निघून चाकावर आला होता, केव्हा ते त्याला समजले नाही. छातीत काहीतरी हलत होते, आणि ते दुखते आहे की सैल होते आहे, हे आजच ओळखले पाहिजे असा त्याचा आग्रह उरला नव्हता.